एकच दृश्य: नऊला दंड, दहाला माफ

२५ फेब्रुवारी २००३. अमेरिकेतल्या एबीसी नेटवर्कवर 'एनवायपीडी ब्लू' या पोलीस मालिकेचा एक भाग लागला. त्यात एक बाई आंघोळीच्या तयारीत असते आणि तिच्या मित्राचा लहान मुलगा चुकून आत येतो. दोघंही ओशाळतात. या प्रसंगात बाईचा पार्श्वभाग सुमारे सात सेकंद पडद्यावर दिसतो. पाच वर्षांनी, २००८ मध्ये, सरकारी आयोगानं त्या सात सेकंदांसाठी ४५ टीव्ही केंद्रांना प्रत्येकी २७,५०० डॉलर दंड ठोठावला.

मालिका देशभर दिसली होती. न्यूयॉर्कला दिसली, लॉस एंजेलिसला दिसली. तिथल्या केंद्रांना मात्र एक सेंटही भरावा लागला नाही. कारण तिथे ती रात्री दहाला लागली. देशाच्या मधल्या दोन टाइम झोनमध्ये नेटवर्कचे कार्यक्रम तासभर आधी लागतात, म्हणून तिथे ती नऊला लागली. बाई तीच, सेकंद तितकेच, गुन्हा फक्त घड्याळाचा.

ज्या देशात राष्ट्राध्यक्षाला भररस्त्यात शिव्या घालता येतात, झेंडा जाळला तरी सर्वोच्च न्यायालय संरक्षण देतं, तिथे हे कसं चालतं? अमेरिकी कार्यक्रमांतला तो 'बीप' आवाज कुणाच्या भीतीनं येतो? आणि तोच विनोदवीर दुसऱ्या वाहिनीवर तेच शब्द बिनबीप कसे बोलतो? याचं उत्तर शब्दात शोधलं तर सापडत नाही. शब्द कुठल्या वाटेनं घरात आला, तिथे ते आहे.

अश्लील वेगळं, असभ्य वेगळं

आपण बोलताना हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरतो. अमेरिकी कायदा वापरत नाही, आणि सगळा घोळ समजायला एवढा एक फरक पुरतो.

अश्लील म्हणजे काय, हे १९७३ च्या मिलर खटल्यात ठरलं. समाजाच्या सर्वसाधारण मापानं पाहता मजकुराचा एकूण रोख केवळ वासना चाळवण्याचा हवा, त्यातलं लैंगिक चित्रण उघड किळसवाणं हवं, आणि त्याला साहित्य, कला, राजकारण किंवा विज्ञान म्हणून काही गंभीर मोल नसावं. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तो मजकूर अश्लील, आणि मग त्याला राज्यघटनेचं कवच नाही. छापा, दाखवा, विका, सगळीकडे गुन्हाच.

असभ्य त्याच्या खालच्या पायरीवर. त्यात लैंगिक किंवा मलमूत्राशी संबंधित अवयव वा क्रियांचा उल्लेख असतो, तो लोकांना खटकेल असा असतो. पण अश्लीलतेच्या कसोटीला तो उतरत नाही. बहुतेक शिव्या इथेच मोडतात. आणि असभ्य बोलण्याला घटनेचं संरक्षण आहे.

विष आणि दारू यांत जो फरक, तोच इथे. विष कुणालाच विकता येत नाही. दारू मोठ्यांना विकता येते, फक्त ठरल्या वेळेत आणि मुलांपासून लांब. असभ्य मजकूर ही दारू झाली. गंमत अशी, की हे दारूचे नियम फक्त एकाच दुकानाला लागू आहेत: अँटेनानं पकडता येणाऱ्या रेडिओ आणि टीव्हीला.

हवा कुणाच्या मालकीची?

१९२० च्या दशकात अमेरिकेत रेडिओ केंद्रं भराभर निघाली. १९२६ मध्ये एका न्यायालयानं सांगितलं, की कोण कुठल्या लहरीवर बोलणार हे ठरवण्याचा अधिकार सरकारी खात्याला नाहीच. मग काय, जो तो हव्या त्या लहरीवर जाऊन बसला. एका वर्गातली चाळीस मुलं एकदम बोलायला लागली की जे होतं ते झालं: सगळे बोलतायत, ऐकू कुणाचंच येत नाही.

म्हणून १९२७ मध्ये कायदा आला, आणि १९३४ च्या कायद्यानं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन म्हणजे एफसीसी स्थापन झालं. पुढे याला नुसतं आयोग म्हणतो. आयोगात पाच सदस्य असतात. त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं, आणि एका पक्षाचे तिघांहून जास्त असता येत नाहीत.

या व्यवस्थेचा पाया असा: लहरी जनतेच्या. केंद्राला त्या वापरायला मिळतात, तेही ठरावीक मुदतीपुरत्या. आज ही मुदत आठ वर्षांची आहे. सार्वजनिक मैदान एखाद्या मंडळाला कार्यक्रमासाठी द्यावं तसं. मैदान तुमच्या बापाचं नाही, तेव्हा काही अटी पाळा. १९६९ च्या रेड लायन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा युक्तिवाद उचलून धरला: लहरी मोजक्या, मागणारे फार, म्हणून केंद्रावर वर्तमानपत्रापेक्षा जास्त बंधनं चालतील. रेडिओवर ज्याच्यावर वैयक्तिक हल्ला झाला, त्याला उत्तराची संधी द्यायलाच हवी, असं या निकालानं ठरलं. पाचच वर्षांनी, १९७४ मध्ये, मायामी हेराल्ड या वर्तमानपत्राच्या बाबतीत तेच न्यायालय म्हणालं, की छापील पानावर अशी सक्ती घटनाबाह्य. कागद स्वतःचा, हवा जनतेची.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. परवाना केंद्राला असतो, नेटवर्कला नाही. एबीसी, एनबीसी, सीबीएस ही नेटवर्क्स कार्यक्रम पुरवतात. गावोगावची केंद्रं ते प्रक्षेपित करतात. त्यांतली काही नेटवर्कच्या मालकीची असतात, बरीचशी दुसऱ्याच कंपन्यांची. आयोगाची काठी चालते ती केंद्राच्या पाठीवर.

दुपारी दोनची गोष्ट

३० ऑक्टोबर १९७३, मंगळवार, दुपारी दोनच्या सुमाराला न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय रेडिओनं विनोदवीर जॉर्ज कार्लिन याचं बारा मिनिटांचं ध्वनिमुद्रित भाषण लावलं. विषय: टीव्ही-रेडिओवर जे बोलता येत नाहीत असे सात शब्द. कार्लिननं ते शब्द घोळवून घोळवून, उलटेपालटे करून बोलून दाखवले होते. खिल्ली शिव्यांची नव्हती, त्यांना घाबरणाऱ्या समाजाची होती. लावण्याआधी केंद्रानं सूचनाही दिली होती.

मुलाला घेऊन गाडीतून जाणाऱ्या एका माणसाच्या कानावर ते पडलं. काही आठवड्यांनी त्यानं आयोगाकडे तक्रार केली. आयोगानं दंड केला नाही, फक्त केंद्राच्या फायलीत शेरा मारून ठेवला: परवान्याची मुदत संपेल तेव्हा बघू. केंद्र चालवणारी पॅसिफिका संस्था कोर्टात गेली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी हरली.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी दोन कारणं दिली. एक, रेडिओ-टीव्ही थेट घरात घुसतात. मध्येच रेडिओ लावणाऱ्याला आधीची सूचना ऐकू आलेली नसते. दोन, अक्षरओळख नसलेलं मूलही ते ऐकू शकतं. निकालाच्या शेवटी त्यांनी दाखला दिला तो डुकराचा. गोठ्यात डुकराला कुणाची हरकत नाही. पण ते दिवाणखान्यात शिरलं, तर त्याला हाकलण्यासाठी ते अश्लील असल्याचं सिद्ध करत बसायला नको.

माझी आवडती गोष्ट पुढची आहे. निकालाला परिशिष्ट म्हणून न्यायालयानं कार्लिनचं ते भाषण शब्दशः छापलं, प्रेक्षकांच्या हशांसकट. दुपारी दोनला रेडिओवर जे ऐकवायचं नाही, ते सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत ग्रंथात, कुठल्याही वाचनालयात, दिवसभर उघडं. मी ते सात शब्द इथे लिहीत नाही, पण ते संकोचापोटी. अमेरिकी कायद्यानं मला छापील शब्दासाठी हातही लावला नसता.

'नको असेल तर बंद करा ना!'

पहिली शंका हीच येते, आणि निकालाविरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेनन यांनाही तीच आली होती. बटण फिरवायला किती वेळ लागतो?

आणि हे उत्तर न्यायालयानं स्वतःच एकदा दिलं होतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात पॉल कोहेन नावाचा तरुण सैन्यभरतीला शिवी लिहिलेलं जाकीट घालून लॉस एंजेलिसच्या न्यायालयाच्या आवारात फिरला. तिथे बायका होत्या, मुलं होती. त्याला शिक्षा झाली, पण १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. ज्याला खटकतं त्यानं नजर वळवावी, असं म्हणून.

मग जाकिटाला जे लागू, ते रेडिओला का नाही? स्टीव्हन्स यांचं म्हणणं, ऐकल्यावर रेडिओ बंद करा असं सांगणं म्हणजे पहिला फटका खाल्ल्यावर पळून जा असं सांगण्यासारखं आहे. मला हे पटत नाही; जाकीटही दिसल्यावरच नजर वळवता येते. पण घर आणि रस्ता यांत फरक आहे, हे मान्य करावं लागतं. रस्त्यावर आपण दुसऱ्याचं ऐकायला तयार होऊनच निघतो.

पुढे अपील न्यायालयात बरीच ओढाताण होऊन १९९५ पासून वेळ पक्की झाली: सकाळी सहा ते रात्री दहा असभ्य मजकूर चालणार नाही, रात्री दहा ते सकाळी सहा चालेल. 'एनवायपीडी ब्लू'चा घोळ झाला तो या रेषेवर.

केबलला मोकळीक कशी?

केबलची वायर खाजगी. ग्राहक दरमहा पैसे भरून ती स्वतः घरात घेतो. हे डुक्कर दिवाणखान्यात चुकून शिरलेलं नाही, आमंत्रण देऊन आणलेलं आहे. २००० मध्ये न्यायालयानं केबलबाबत सांगितलं, की नको ते चॅनल प्रत्येक घराला बंद करून घेता येतं, तर सरसकट वेळेचं बंधन कशाला? त्याआधी १९९७ मध्ये इंटरनेटवर असभ्यतेची बंदी घालणारा कायदाही त्यानं मोडीत काढला होता.

हॉवर्ड स्टर्न या रेडिओ निवेदकानं याचा अर्थ बरोबर ओळखला. त्याच्या चावट कार्यक्रमामुळे केंद्रांवर दंडामागून दंड बसत. २००६ च्या जानेवारीत तो वर्गणीच्या उपग्रह रेडिओवर गेला आणि पहिल्याच दिवसापासून तेच सगळं मोकळेपणानं बोलू लागला. माणूस तोच, जीभ तीच. फक्त परवान्याच्या लहरी सुटल्या.

निसटती शिवी

बरीच वर्षं आयोग समजूतदारपणे वागत होता. थेट कार्यक्रमात कुणाच्या तोंडून एखादी शिवी निसटली, तर सोडून द्यायची. जानेवारी २००३ मध्ये गोल्डन ग्लोब पुरस्कार स्वीकारताना यू-टू बँडचा गायक बोनो आनंदानं एक शब्द बोलून गेला, 'फारच भारी' या अर्थी. आयोगाच्या कार्यालयानं आधी निर्वाळा दिला: इथे तो शब्द विशेषण म्हणून आला आहे, क्रिया म्हणून नाही, सबब असभ्य नाही. व्याकरणाच्या आधारे सुटका! मार्च २००४ मध्ये आयोगानं हा निर्वाळा फिरवला. तो शब्द कसाही आला तरी लैंगिकच, आणि एकदाच आला तरी असभ्यच.

मधल्या काळात काय घडलं, ते अनेकांना आठवत असेल. १ फेब्रुवारी २००४, ह्यूस्टन, सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरातला कार्यक्रम. जस्टिन टिंबरलेकनं जॅनेट जॅक्सनच्या पोशाखाचा तुकडा ओढला आणि तिची छाती एका सेकंदाच्या नऊ-सोळांश भागापुरती उघडी पडली. आयोगाकडे पाच लाखांहून अधिक तक्रारी आल्या. सीबीएसच्या मालकीच्या २० केंद्रांना मिळून साडेपाच लाख डॉलर दंड झाला. कोर्टबाजी २०१२ पर्यंत चालली आणि दंड रद्द झाला, कारण नियम नंतर बदलून आधी घडून गेलेल्या प्रसंगाला लावला होता. तोवर अमेरिकी संसदेनं २००६ मध्ये दंडाची कमाल मर्यादा दसपट करून ठेवली होती: ३२,५०० वरून ३,२५,००० डॉलर, एका चुकीला.

थेट रेडिओच्या खोलीत याचा अर्थ काय, ते सांगतो. बोललेला शब्द लगेच हवेत जात नाही, काही सेकंद यंत्रात थांबतो. समोर एक बटण असतं, त्यावर एका माणसाचं लक्ष. शिवी आली की बटण दाबायचं. साठलेले सेकंद गळून जातात. मग यंत्र पुढच्या बोलण्यातले विराम कळत नकळत ताणत ताणत तेवढे सेकंद पुन्हा साठवतं. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. सुपर बोलनंतरच्याच आठवड्यात सीबीएसनं ग्रॅमी संगीत पुरस्कारांचा 'थेट' सोहळा पाच मिनिटं उशिरानं दाखवला.

'जपून चालवा'

कल्पना करा, रस्त्यावर वेगाचा आकडाच नाही. नुसती पाटी आहे: जपून चालवा. चार महिन्यांनी घरी पावती येते, तुम्ही त्या दिवशी पुरेसं जपून चालवलं नाही. पुढच्या वेळी तुम्ही काय कराल? बैलगाडीच्या वेगानं जाल.

११ नोव्हेंबर २००४, माजी सैनिकांचा दिवस. एबीसीनं 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हा युद्धपट कापाकापी न करता दाखवायचं ठरवलं. त्यात सैनिक सैनिकांसारखंच बोलतात. साठाहून अधिक केंद्रांनी दंडाच्या धसक्यानं तो दाखवलाच नाही. आयोगानं नंतर सांगितलं, की चित्रपट असभ्य नव्हता, शिव्या प्रसंगाला धरून होत्या. नंतर सांगितलं, हे महत्त्वाचं. आधी विचारून घ्यायची सोय नाही, कारण आधी तपासणं म्हणजे सेन्सॉरशिप, आणि १९३४ चा कायदा आयोगाला ती करू देत नाही.

पुढे ब्लूज संगीतावरच्या एका माहितीपटात कलाकार आपल्या रोजच्या भाषेत बोलले, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या एका कॉलेजच्या छोट्या केंद्राला आयोगानं १५,००० डॉलर दंड सुनावला. पडद्यावरच्या सैनिकाची शिवी प्रसंगाला धरून आणि खऱ्याखुऱ्या संगीतकाराची मात्र नाही, हे ठरवणारं माप कुठलं?

जानेवारी २०१२ मध्ये सगळं प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात होतं. एबीसीचे वकील सेथ वॅक्समन बोलता बोलता थांबले आणि त्यांनी न्यायमूर्तींना वर पाहायला सांगितलं. दालनाच्या भिंतींवर वरच्या बाजूला संगमरवरी शिल्पपट्टा आहे. तिथे एक उघडा पार्श्वभाग आहे, म्हणाले, आणि इथे आणखी एक. अजूनही असतील, माझ्या नजरेतून सुटलेले. दालन हसलं. जूनमध्ये निकाल आला तो एकमतानं, आठ विरुद्ध शून्य: नियम बदलल्याची पुरेशी पूर्वसूचना केंद्रांना मिळालीच नव्हती. 'एनवायपीडी ब्लू'चा दंड गेला.

पण मूळ प्रश्नाला, म्हणजे असा नियम घटनेत बसतो का याला, न्यायालयानं हात लावला नाही. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी स्वतंत्रपणे लिहिलं, की १९७८ चा निकाल तेव्हाही चुकीचाच होता. विचारानं त्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाचे न्यायमूर्ती थॉमस यांनीही २००९ मध्ये लहरींच्या टंचाईचा युक्तिवाद आता कालबाह्य झाल्याचं सुचवलं होतं. तरी निकाल उभा आहे. २०१२ मध्ये व्हर्जिनियातल्या एका केंद्राच्या संध्याकाळी सहाच्या बातम्यांत पडद्याच्या कडेला जेमतेम तीन सेकंद एक नको ते चित्र दिसून गेलं. २०१५ मध्ये आयोगानं त्यासाठी पूर्ण ३,२५,००० डॉलर दंड प्रस्तावित केला.

'पण मुलांसाठी काहीतरी नको का?'

ही शंका खरी आहे, आणि तिची टर उडवणाऱ्यांच्या घरात बहुधा लहान मूल नसावं. मात्र त्यासाठी अमेरिकेनं १९९६ मध्येच दुसरा उपाय काढला. जानेवारी २००० पासून तेरा इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्ही संचात एक चिप सक्तीची झाली. कार्यक्रमांना वयोगटाचा शिक्का असतो. आईबापांनी एकदा सेटिंग केलं की त्यापुढचं संच दाखवतच नाही. ते करायचा कंटाळा बहुतेक घरांना येतो, हे खरं. पण म्हणून सगळ्या देशानं रात्री दहापर्यंत मुलांच्या मापाचंच बघायचं, हे मला जरा महाग वाटतं. शिवाय त्याच मुलाच्या हातातला फोन चोवीस तास उघडा आहे आणि त्याला या नियमातलं काहीच लागू नाही.

खुर्चीवर कोण बसलंय?

एप्रिल २०१३ मध्ये, मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर, बॉस्टनचा बेसबॉलपटू डेव्हिड ऑर्टिझ भरल्या मैदानात माइकवर म्हणाला, हे शहर आमचं आहे. 'आमचं'च्या पुढे त्यानं बोनोचाच शब्द जोडला होता. दुपारची वेळ, थेट प्रक्षेपण. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष ज्युलियस गेनाकाउस्की यांनी ट्वीट केलं, की ऑर्टिझ मनापासून बोलला आणि आपण त्याच्या बाजूनं आहोत. दंडाचा विषय संपला. त्या दिवशी मलाही ते योग्यच वाटलं होतं. मात्र अध्यक्षाचं मन द्रवलं म्हणून जे सुटतं, ते अध्यक्षाचं मन फिरलं तर अडकतंही.

सप्टेंबर २०२५ मध्ये तेच दिसलं, आणि या वेळी शिवीचा संबंधही नव्हता. उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर एबीसीवर रात्रीचा कार्यक्रम करणारा विनोदवीर जिमी किमेल जे बोलला, त्यावरून आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार एका पॉडकास्टवर म्हणाले, की हे सोप्या मार्गानं होईल नाहीतर अवघड मार्गानं. त्यांनी हवाला दिला तो परवान्याच्या अटीतल्या सार्वजनिक हिताचा. त्याच दिवशी नेक्सस्टार कंपनीनं आपल्या केंद्रांवर किमेल दाखवणार नसल्याचं जाहीर केलं. तिला टेग्ना ही दुसरी कंपनी विकत घ्यायची होती आणि त्यासाठी याच आयोगाची मंजुरी लागणार होती. सिंक्लेअर कंपनीनंही तेच केलं. एबीसीनं कार्यक्रम थांबवला. कार यांचं म्हणणं, हे किमेलच्या घसरलेल्या प्रेक्षकसंख्येमुळे झालं, सरकारमुळे नव्हे. त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर टेड क्रूझ यांना मात्र ती भाषा माफियापटातली वाटली.

२३ सप्टेंबरला किमेल परतला. नेक्सस्टार आणि सिंक्लेअरच्या केंद्रांवर आणखी तीन रात्री त्याच्या जागी दुसरं काहीतरी लागत होतं. परतल्या रात्रीचं त्याचं भाषण लाखो लोकांनी यूट्यूबवर पाहिलं. तिथे आयोगाचा परवाना लागत नाही.